बाणाचा टेकू आणि मामांचा शर्ट

तीर्थस्वरूप ऑरविलमामांच्या चरणी, भाचजावई लायल याचा विस्कॉन्सिनच्या थंडीमुळे हातमोजे न काढता केलेला नमस्कार. तुमचे गुडघे ॲरिझोनाच्या उन्हात कसे आहेत? इथे आम्ही सगळे मजेत. तुमची भाची जॉयलिन मजेत, सासूबाई तर गरजेपेक्षा जास्त मजेत. तुमचं पत्र पोचलं. तुमचं तळ्याकाठचं मचाण यापुढे कुणाला द्यायचं हे नाताळाआधी ठरवणार, मला द्यायचं की मेव्हण्याला, म्हणजे व्हर्नला, हे यंदाच्या शिकारीच्या हंगामावरून पाहणार, असं तुम्ही लिहिलंत. योग्यच आहे. तुमचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट नीट आहे ना, असंही विचारलंत. त्याकडे पुढे येतोच.

यंदा मी तयारी काय कमी केली? माझे नेम चुकतात ते हातामुळे नव्हे, टेकूमुळे, हे मला मेमध्येच उमगलं होतं. (जॉयलिन म्हणाली, "सात वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी उमगलं." तिच्याकडे लक्ष देऊ नये.) चाकांच्या कंपाउंड धनुष्यावर बाण ज्या इवल्याशा टेकूवर टेकतो, त्यावर आमच्या गावात जेवढी भांडणं झाली आहेत तेवढी नव्या पाद्र्याच्या नेमणुकीवरही झाली नव्हती. व्हर्न ब्रशच्या केसांच्या कड्याचा भक्त. बाण मधोमध खोचायचा, मग धनुष्य उलटं धरा, आपटा, त्यावर बसा, बाण पडत नाही. पण त्यात बाणाची पिसं घासतात आणि वेग कमी होतो, असं दुकानदार रोलंडचं मत. रोलंडचा जीव खाली पडणाऱ्या टेकूवर. धनुष्य ताणलं की दोरीच्या ओढीने टेकू वर येतो, बाण सुटला की आपोआप खाली पडतो, बाणाला कशाचाही स्पर्श नाही. "लायल, तुझ्या बाणाला कुणी हात लावायला नको ना?" असं त्याने इतक्या गंभीरपणे विचारलं की मला नाही म्हणवेना. शुक्रवारच्या मासे तळायच्या बेताला मी हा विषय काढला, तर चर्चची सगळी पुरुषमंडळी दोन तट पाडून बसली आणि मासे गार झाले. बायका एका टेबलावर शांतपणे जेवत होत्या.

शेवटी मी दोन्ही आणले. जूनमध्ये केसांचं कडं लावलं, जुलैत काढलं. खाली पडणारा लावला, तो पडताना टिक असा आवाज करतो म्हणून त्याला फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलं. फेल्टमुळे बाण वर गेला म्हणून नेमाच्या खुणा बदलल्या. मग फेल्ट काढलं. ऑगस्टभर मी गवताच्या गठ्ठ्यावर मारलेल्या बाणांपेक्षा फिरवलेले स्क्रू जास्त भरतील. मध्येच सासूबाई अंगणात आल्या, पाच मिनिटं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, हरणाला मारायचंय की घड्याळ दुरुस्त करायचंय?" त्यांचं स्वतःचं धनुष्य तुम्हाला माहीतच आहे, तेच चाकं नसलेलं लाकडी. बाण टेकवायच्या जागी त्यांनी न्हाणीघरातल्या जुन्या पायपुसण्याचा तुकडा डिंकाने चिकटवलाय. गुलाबी रंगाचा. शहात्तर वर्षांच्या बाईशी तंत्रज्ञानावर काय बोलायचं, म्हणून मी पुढचा स्क्रू फिरवायला घेतला.

हंगामाच्या पहिल्या दिवशी सकाळी तळ्याकाठच्या मचाणावर मी होतो, व्हर्न टेकडीवर आणि सासूबाई ओढ्याच्या वळणावर. आठ वाजता एक दांडगा नर ओकच्या झाडाखाली आला. वीस पावलांवर. मामा, मी श्वास रोखला, धनुष्य ताणलं. नर झाडाआड गेला, म्हणून हळूच सोडून दिलं. तो पुन्हा बाहेर आला, मी पुन्हा ताणलं. आता टेकूच्या दोरीची गाठ मी आदल्या दिवशी नवी बांधली होती आणि उरलेलं टोक नीटनेटकं दिसावं म्हणून अगदी मुळाशी कापलं होतं. (रोलंडने दोन बोटं टोक ठेवायला सांगितलं होतं. पण नीटनेटकेपणा माझ्या रक्तात आहे.) दुसऱ्या ताणाला गाठ सुटली, टेकू वर आलाच नाही. मी नराकडे बघत होतो, टेकूकडे नव्हे. बाण सुटला आणि खाडकन मचाणाच्या कठड्यात, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. नराने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि उरलेला ओकचा दाणा चावून संपवला. मग तो सावकाश ओढ्याच्या वळणाकडे चालू लागला. तिकडे कोण बसलं होतं ते वर लिहिलंच आहे.

दहा मिनिटांत काम झालं. एकच बाण, पायपुसण्यावरून.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे पाठीमागचा खालचा भाग, कापायचं, त्यावर नाव, साल आणि चुकल्याचं कारण लिहून शिकारीच्या झोपडीच्या भिंतीवर ठोकायचं, आणि कात्री ज्याने हरीण मारलं त्याच्या हातात, ही रीत तुमच्या वडिलांनीच घातली. भिंतीवर माझी सात शेपटं आधीच आहेत ("सूर्य डोळ्यांत", "शिंक", "हरीण हललं" वगैरे). व्हर्नची चार आहेत. तुमचं एकही नाही. एकेचाळीस हंगाम, एकही चूक नाही. तुमचं वाक्य आम्हाला पाठ आहे, की नेम चुकल्यावर वाऱ्याला नावं ठेवतो तो शिकारी नव्हे, शिडाची होडी आहे. व्हर्न ब्रँडी ओतत हसत होता. सासूबाई कात्री घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता वळा पाठमोरे."

खरं सांगतो मामा, मला ते मचाण फार हवं आहे. हरणासाठी नव्हे. तिथे बसलो तेव्हा सात वर्षांत पहिल्यांदाच मला या घरचा झाल्यासारखं वाटलं.

असो. सॉसेज पाठवले आहेत, सासूबाईंच्या हरणाचे. प्रकृतीला जपावं.

आपला,
लायल

ता. क. शर्टाबद्दल लिहायचं राहिलं. धुऊन, घडी घालून ठेवला आहे. कसर लागलेली नाही. लांबी किंचित कमी झाली आहे.

ता. क. २. तुमचा शर्ट मी त्या दिवशी शकुनासाठी घातला होता. चूक झाली, मनापासून माफी मागतो. केसांचं कडं मी व्हर्नला "मागासलेलं" म्हणून देऊन टाकलं होतं, ते त्याने मला परत द्यावं असं त्याला लिहावं. तुमचं तो ऐकतो.

ता. क. ३. कात्री चालवताना शेपटाच्या आतली अस्तराची पट्टी उसवली. शेपूट पूर्वी एकदा कापून पुन्हा शिवलेलं निघालं, बारीक टाक्यांनी, सासूबाईंच्या हातचे वाटतात. मी त्यांना विचारलं, तर त्यांनी फक्त कात्री पुसली आणि व्हर्नला लाकडं आणायला बाहेर पाठवलं. अस्तराखाली पुसट शाईत लिहिलं आहे: "ऑरविल, १९८४. वारा होता." दुसऱ्या बाजूला मी माझं लिहिलं आहे: "लायल. टेकू." तुकडा अजून भिंतीवर ठोकलेला नाही, माझ्या खिशात आहे. कोणती बाजू बाहेर ठेवू, तेवढं कळवावं. मचाणाचं कळवाल त्याच पत्रात कळवलंत तरी चालेल.