न दिसलेल्या पातळ्या

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला पंधरा दिवस उत्तर दिलं नाही, रागावली असशीलच. पण सध्या मी एका जागी बसूच शकत नाही. शेजारचे संगणकवाले म्हणतात, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय.

मागे सांगितलं होतं ना, अणूच्या गाभ्याला ऊर्जा दिली की तो ठरावीक पातळ्यांवरच थांबतो. खालच्या पातळ्या विरळ, मोजता येतात. वर त्या इतक्या दाट होतात की मोजणं अशक्य. मग खालच्या मोजणीवरून सूत्राने वरचा अंदाज बांधायचा. तेच माझं काम. आता कळलंय की क्षीण पातळ्या उपकरणाला दिसल्याच नव्हत्या आणि मी यादी पुरी धरून बसले. वरची दाटी मी निम्मीच सांगितली.

त्या आकड्यावर एक रुग्णालय किरणोत्सारी औषध बनवणार आहे. त्यात नको तो पदार्थ किती मिसळेल, हे त्यावरून ठरतं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, आधी तुझी नेमणुकीची मुलाखत होऊ दे, मग बघू. मुलाखत वीसला. औषधाचं काम पंधराला सुरू. काय करू?

तुझी पिंगी

९ मार्च

चि. पिंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पातळ्या मला कळल्या असं म्हणत नाही. पण 'काय करू' हे तू सगळं ठरवून झाल्यावरच विचारतेस, लहानपणापासून.

औषधांच्या दुकानात नवी असताना मी एकदा एका म्हातारबाबांना दुप्पट ताकदीच्या गोळ्या दिल्या. ते गेल्यावर ध्यानात आलं. तशीच अनवाणी दोन गल्ल्या धावले. म्हातारबाबांनी पुडी परत दिली आणि चारचौघांत माझी खरडपट्टी काढली. मालकांनी महिनाभर कपाटाच्या किल्ल्या दिल्या नाहीत. हे तुझ्या भावजींनाही ठाऊक नाही.

नोकरी हुकली तर मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू? पण पंधरा तारीख वीसच्या आधी येते. वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी रुग्णालयात फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. काम थांबलं. तो आकडा ज्यात छापला होता, तो शोधनिबंधही मागे घेतला. मुलाखतीत अर्धा तास त्याच चुकीवर प्रश्न झाले आणि जागा दुसऱ्याला मिळाली. रडून घेतलं.

सर पंधरा दिवस माझ्या टेबलाकडे फिरकले नाहीत. मग सोमवारी त्यांनी वीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा निबंध माझ्या टेबलावर ठेवला. त्याच निबंधाने त्यांचं नाव झालं होतं. एवढंच म्हणाले, "मीही यादी पुरीच धरली होती. तपास."

आज त्यांची चूक सापडली. माझ्या चुकीहून मोठी आहे. सर दारात उभे आहेत, चष्मा पुसताहेत, आत येत नाहीत. मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढून ठेवलीय. आता हाक मारते.

तुझा लोभ आहेच, ओरडाही असू दे.

तुझी पिंगी