मला न येणारं ‘गिव्ह अप’

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आणि भावजींचा खोकला आता उतरणीला लागले असतील, अशी आशा करतो. माझी तब्येत उत्तम आहे, अब्रूचं तेवढं विचारू नकोस.

दुकान लवकर बंद करून मी संध्याकाळी कुठे जातो, असं तू विचारलं होतंस. इंग्रजीच्या वर्गाला जातो. हसू नकोस. (साहेबलोकांचे कपडे शिवण्यात इतकी वर्षं गेल्यावर मला इंग्रजी येतं, हे तुला ठाऊक आहे. वर्ग घेणाऱ्या बाईंना ठाऊक नव्हतं.) बाई कोटाच्या बाह्या आखूड करायला आल्या, जाताना वर्गाची जाहिरात माझ्या काचेवर चिकटवून गेल्या, आणि त्याच संध्याकाळी मी पहिल्या बाकावर. तिथला नियम असा, की ज्याची वाक्यं बरोबर आली त्याची रवानगी वरच्या वर्गात. वरचा वर्ग एक टकले मास्तर घेतात, आणि त्यांच्याशी लग्न करण्याचा माझा मुळीच विचार नाही.

सध्या ‘गिव्ह अप’ चालू आहे. बाई जीव तोडून सांगतात, सवय सोडली तरी गिव्ह अप, हार मानली तरी गिव्ह अप, बसमधली जागा म्हातारीला दिली तरी तेच. मी मान डोलावतो आणि लिहितो, ‘शेजारी माळ्यावर चढला, मी त्याला खालून फडकं गिव्ह अप केलं.’ (बरोबर वाक्य कुणीही लिहील गं, रोज नवं चुकीचं सुचायला डोकं लागतं.) बाई कपाळाला हात लावत, पण वर्ग सुटल्यावर मला एकट्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवत. तेवढ्यासाठी मी जन्मभर ढ राहायला तयार होतो.

परवा माशी शिंकली. एक इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक पँट पोटावर बसेना म्हणून तणतणत होतं. मी फाडफाड इंग्रजीत समजावलं, की साहेब, पँटवर इतक्यात गिव्ह अप करू नका, रात्रीचं जेवण तेवढं गिव्ह अप करा. दोन्ही ‘गिव्ह अप’ अगदी चपखल बसली. साहेब खूश होऊन गेले, मी वळून बघतो तर दारात बाई, हातात दुसरा कोट.

“उत्तम,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून वरच्या वर्गात बसा.”

मग मी मनातलं सगळं सांगून टाकलं, तेही आपल्या भाषेत, कारण इंग्रजी तेव्हा खरंच आठवेना. बाई बराच वेळ माझी मापाची टेप गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “विचार करीन. पण खोटारडा माणूस मला चालायचा नाही. आधी तुमच्या घरच्या मोठ्या माणसाशी बोलेन.”

ताई, मला ती मनापासून आवडते. नाही म्हणाली तर मला फार जड जाईल.

पोरांना पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी ये. घरातलं मोठं माणूस म्हणजे तूच.

आणखी ता. क. ‘हा लहानपणापासून असाच थापाड्या आहे का?’ असं ती विचारेल. तू डोळ्याला डोळा भिडवून ‘छे, कधीच नाही’ म्हण. तुला जमेल. लग्नाआधी भावजींना ‘मला राग म्हणून येतच नाही’ असं तू सांगितलंस, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो आणि गप्प राहिलो होतो.