साईचा म्हणून निवडलेला रंग

३ जानेवारी

चि. ठमीस अप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नव्या घराच्या चौकटी बसवून परतल्यापासून हात रिकामे आहेत आणि मला ते सोसत नाही. भिंतींसाठी रंगाचा तुकडा सोबत पाठवतो आहे. दुकानदाराच्या पुस्तकातून मी स्वतः निवडला, दुधाच्या साईचा, किंचित पिवळसर. लाकडाशेजारी ऊबच हवी. निळ्याच्या वाटेला तर जाऊच नकोस, चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना मी हेच सांगत आलो.

महिन्याभरात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायचे आहेत. दादा म्हणतो, आता काम पुरे. नजर गेली की सुताराने हत्यारं देऊन टाकावीत, हे मलाही कबूल आहे. पण हा रंग तुझ्या चौकटींना शोभला तर माझी नजर शाबूत आहे असं समज आणि त्याला तसं कळव.

जावईबापूंना आशीर्वाद. म्हाताऱ्याची आठवण ठेवून चार ओळी टाकत जा.

अप्पा

---

१९ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर धाडते आहे. घरी आलेली पत्रं तू अप्पांना वाचून दाखवतोस आणि तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. अप्पांनी पाठवलेला तुकडा साईचा कसला, चक्क राखाडी निळा आहे. मोतीबिंदूमुळे त्यांना सगळंच पिवळट दिसत असणार. रंगाऱ्याने हाच ना म्हणून दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. दुसरा लावला असता तर अप्पांनी त्याच दिवशी हत्यारांची पेटी कुणाला तरी देऊन टाकली असती. कामाशिवायचे अप्पा मला बघवणार नाहीत.

आता पुढचं ऐक. रंग वाळला, सकाळी खिडकी उघडली आणि मी जागच्या जागी उभी राहिले. चौकट आतून पेटल्यासारखी दिसत होती. लाकडातली एकेक रेघ वर आलेली, कुठे मधासारखी, कुठे तांबूस. महिनाभर मी त्या दारातून ये-जा करते आहे आणि ते दार मी पाहिलंच नव्हतं. आमचे हे कामावर निघाले होते, एका पायात बूट घालून परत आत आले आणि बघतच राहिले.

पण ऑपरेशननंतर अप्पा इथे येतील आणि त्यांना भिंत निळी दिसेल. त्याआधी खरोखरीचा साईचा रंग मारून घेऊ का? मला तर भिंतीला हात लावायचीही भीती वाटते. काय ते लवकर कळव. वहिनीला नमस्कार, आणि माझ्यावर चिडलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ठमी

---

२ मार्च

चि. ठमीस अ. उ. आ.

परवा तुझ्याकडून परतलो. तिथे मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर रडलो असतो आणि जावईबापूंसमोर ते बरं दिसलं नसतं. दादाने तुझं पत्र काल मला दाखवलं. त्याच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा त्याच्यावर रागावू नकोस.

भिंत निळी आहे हे मला दारातच दिसलं. अलीकडे कुणाकुणाच्या घरात मी काय निवडून दिलं असेल, देव जाणे. लोकांनी भिडेखातर चकार शब्द काढला नाही.

मग चौकटीकडे पाहिलं. पोरी, हे लाकूड मी जन्मभर कापलं, तासलं, त्याचा भुसा खाल्ला, आणि ते इतकं देखणं असतं हे मला ठाऊक नव्हतं. माझंच काम आहे ना, म्हणून मी जोडावरून बोट फिरवून पाहिलं. तुम्हाला वाटलं मी फट शोधतो आहे.

निळ्याच्या बाबतीत मी चाळीस वर्षं चुकलो. हे इतक्या उशिरा कळल्याचं वाईट वाटायला हवं, पण मला नुसता आनंद होतो आहे. दादाला सांगून टाकलं की हत्यारं कुणाला मिळायची नाहीत.

तुझ्या आतल्या खोलीची चौकट पुढच्या महिन्यात घेऊन येतो. भिंतींचा रंग तू निवड आणि मला आधी कळवू नकोस. मला तो दारात उभं राहून पहिल्यांदा बघायचा आहे.

तुझ्या मायेचा भुकेला,
अप्पा