आरेझ्झोचं सावडणं

विटा,
१८ ऑक्टोबर

चि. प्रियंका हिला आईचे आशीर्वाद.

शिरवळला सगळे बरे असाल. मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे.

सोमवारी नळाला पाणी आलं होतं. पिंप भरून घेतलं, दूध तापवलं, मटकी फडक्यात बांधून ठेवली आणि दोरीवर कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात तुझ्या वहिनीचा, एलेनाचा फोन आला. इटलीत नुकतं उजाडलं असेल.

"आई, कशी हायस? च्या पिलीस?"

आपल्या ऋषीनं तिला शिकवलेलं मराठी आपल्या विट्याचंच. तो गेल्यावर त्यात एका शब्दाची भर पडली नाही. मला हसू येतं आणि मधेच थांबतं.

त्यानंतर जे झालं ते तुला माहीत आहे. मी तुला फोन केला, तू बोललीस आणि फोन ठेवलास. म्हणून लिहिते आहे. कागद मधेच बंद करता येत नाही.

एलेना म्हणाली ते नीट सांगते, कारण तू अर्धंच ऐकलंस. त्यांच्याकडे जमिनीत पुरलेलं माणूस कायम तिथे राहत नाही. दहा-एक वर्षांनी नगरपालिका हाडं वर काढते, जागा दुसऱ्याला देते. त्या हाडांचं काय करायचं ते घरच्यांनी ठरवायचं. कुणी भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात ठेवतात, कुणी दहन करतात. ऋषीची वेळ फेब्रुवारीत आहे. ती म्हणाली, "आई, तू सांगशील तसं करनार. तुला पायजे तर तिकडं पाठवते."

तू म्हणालीस, दादा मातीत कुजला, आता तरी कृष्णेत सोडू. त्या बाईनं आपल्याला न विचारता त्याला पुरलं. प्रियंका, तिनं विचारलं होतं. धुक्यात स्कूटर घसरून तो गेला, त्या रात्रीच विचारलं होतं. तुझ्या वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, मला फोन धरवत नव्हता. आप्पासाहेब भावजींनी तिला सांगितलं, तुमच्यात असेल तसं करा. तिनं तसं केलं.

सोमवारी संध्याकाळी भावजी आले. तू त्यांना फोन केला असशील. पायरीवर बसले.

"वैनी, आवं पोरगी रडतीया. आना की हिकडं. मी सोता जातो नदीला."

"आनि त्याची लेक? ती कुटं जानार बापाला बघायला?"

भावजींनी डोकं खाजवलं. "मग असं करा. निम्मी हिकडं, निम्मी तिकडं. दोघींचं बी समाधान."

"भावजी, पोरगा हाय त्यो. वाट्यानं दिल्यालं रान न्हाई."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "च्या तरी टाका. त्यात वाटा नगं, पुरा कप द्या."

वाट्याचं माझ्या तोंडात आलं त्याला कारण आहे. एलेनाचा आजोबा दुसऱ्याचं रान निम्म्यानं कसायचा. ऋषी गेल्यावर वाचनालयातून इटलीवरचं मिळेल ते आणून वाचलं, त्यात हे सापडलं, मग तिला विचारलं. निम्मं पीक मालकाला, शिवाय सणाला कोंबडी आणि अंडी वेगळी. घरात पोराचं लग्न करायचं तरी आधी मालकाला विचारायचं. पुढे तिच्या बापाची पिढी रान सोडून आरेझ्झोच्या सोन्याच्या कारखान्यात गेली. म्हणजे आपल्यासारखंच. आपली माणसं मुलूख सोडून सोनं-चांदी गाळायची, गलाईची दुकानं टाकायला गेली. ऋषी पहिल्यांदा तिथल्या कारखान्यात कामाला गेला तेव्हा त्यानं सांगितलं होतं, "आई, हितं बी फरशीवरचा केर फेकत न्हाईत. जाळून सोनं काढत्यात." त्याला तिथे परकं वाटलं नाही ते त्यामुळे.

आणखी एक वाचलं, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. ऋषी तिला पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा तू तिच्या केसांत शेवंतीची वेणी माळलीस. तिचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरात येऊन तू म्हणालीस, "गोरीला फुलं बी जड होत्यात." त्यांच्याकडे शेवंती फक्त थडग्यावर नेतात. नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी. दुसरं कशाला नाही. ऋषीलाही तेव्हा ते ठाऊक नव्हतं. नव्या नवरीच्या डोक्यावर आपण मरणाची फुलं घातली आणि तिनं रात्रीपर्यंत ती काढली नाहीत.

तुला कमीपणा आणायला हे लिहीत नाही. वेणी मीच विकत आणली होती.

राजेश्वरी आता बापाएवढी उंच होत चालली आहे. त्यांच्याकडे थडग्याच्या दगडावर माणसाचा फोटो बसवलेला असतो. शाळेतून येताना ती तिथे थांबते, रुमालानं फोटो पुसते आणि परीक्षेत काय झालं ते सांगते. कमी गुण मिळाले की जात नाही म्हणे. एलेना हे सांगताना हसत होती.

तुझ्या वडिलांशी बोलायला मी कुठे जाऊ? तिसऱ्या दिवशी पुरुषमाणसं सावडायला गेली. बायका जात नाहीत म्हणून मी घरात भिंतीला टेकून बसले. ते नदीवरून परत आले, भावजी म्हणाले, "झालं." एवढंच मला कळलं. जन्मभर ज्याचं अंथरूण घातलं त्याचं शेवटी काय हातात आलं ते मी पाहिलं नाही. आपली रीत वाईट म्हणत नाही. माझ्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, एवढंच.

भावजी गेल्यावर मी पुन्हा एलेनाला फोन लावला. विचारलं, हाडं कोण उचलतं? म्हणाली, नगरपालिकेचा माणूस. धुऊन, पुसून जस्ताच्या पेटीत ठेवतो. घरचं कुणी असेल तर जवळ उभं राहू देतात.

"बायका?"

"आई, हितं बायकाच असत्यात."

मग मला कळलं, हे सावडणंच आहे. आपल्याकडे आग तीन दिवसांत करते ते तिथे माती दहा वर्षांत करते. मी म्हटलं, "त्याला तिथंच कोनाड्यात ठेवू. पन पेटीत मी ठेवनार."

ती म्हणाली, "ये."

प्रियंका, तुला कृष्णा पाहिजे, भावजींना गती पाहिजे. मला काय पाहिजे ते तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही आणि मीही गोल गोल लिहीत बसले. मला त्याला बघायचं आहे. विमानतळावर पाठमोरा पाहिला तेच शेवटचं. आता जे काही उरलं असेल ते, पण मला बघायचं आहे. त्यानंतर मला कुणाशी भांडायची ताकद नाही. तुला माझा राग आला तर येऊ दे. बरोबर यायचं असेल तर या आठवड्यात सांग.

मंगळवारी सकाळी मी स्टँडजवळच्या दुकानात जाऊन पासपोर्टचा अर्ज भरला. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, फिरायला निघाला व्हय?"

मी म्हटलं, "न्हाई. लेकाकडं."

तुझी आणि त्याचीही,
आई