माळ्यावरची मशीनं

३ मार्च
अमोलची तिन्ही मशीनं माळ्यावर चालूच. क्रिप्टो, ते इंटरनेटवरचे पैसे, काढतायत म्हणे. नोकरी गेल्यापासून नवऱ्याचा हाच उद्योग. त्या आवाजात त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. बोर्डातला एमसीबी मात्र हल्ली पडत नाही. आधी रोज पडायचा, सगळं घर अंधारात. "दुरुस्त केलाय," म्हणाला. सुटले.

६ मार्च
दुपारी ऑफिसात फोन, चाळीत आग. करी रोडला पोचले तर गॅलरीभर धूर. आमच्या आणि बापूकाकांच्या खोलीमधलं लाकडी पार्टिशन माळ्यापासून खालपर्यंत जळालेलं. काकांचा देव्हारा त्यालाच टेकून होता, गेला. काकूंचा फोटोही. पोरांनी मेन बंद करून पाणी मारलं म्हणून तेवढ्यावर...
काका जिन्यात बसलेले. विझवायला धावले, दोन्ही तळवे भाजले.
"माजीच चूक गो बाय. समई पेटती ठेवन दूध हाडूक खाली गेलंय."
जो तो त्यांनाच बोलतोय. अमोल बाजूला उभा. घाबरला असेल.

७ मार्च
सावंत वायरमन आला. आमचा बोर्ड उघडला आणि अमोलकडे बघतच राहिला.
"एवढा मोठा एमसीबी कोणी टाकला? वायर जुनीच. लोड वाढला तरी हा पडणार नाही, वायर तापत राहणार."
अमोल म्हणाला, "मीच बदलला. सारखा पडायचा."
सावंतने माळ्यावरची वायर खेचली. कोळसा. "आग इथनं खाली गेलीय, वहिनी."
माळ्यावर मशीनं नव्हती. अमोलला विचारलं, कुठायत? नायगावला, मित्राकडे. कधी नेलीस?
काल. लोक बादल्या आणत होते तेव्हा गोणीत भरून.
म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं. काका जिन्यात स्वतःला दोष देत होते तेव्हा...

८ मार्च
काकांची मुलगी शुभांगी आली. "बाबा, आता तुम्हाला एकटं ठेवायची सोय नाही." उद्या बदलापूरला नेणार, कायमचं. पट्टी बांधलेले हात मांडीवर, काका भिंतीकडे बघत बसले. जन्म याच खोलीतला.
अमोलला म्हटलं, जा, सांग. "सांगतो ना. पोलिसात गेले तर? जरा शांत होऊ दे."
याला काकांनी कडेवर घेऊन फिरवलाय. कोणाबरोबर राहतेय मी?

९ मार्च
सकाळी अमोल काकांकडे जाऊन आला. "सांगितलं?" "हो." एवढंच. मी रडले. बरं वाटून.
दुपारी काका निरोप घ्यायला दारात.
"अमोल गुणाचो झील आसा. माका नवो देव्हारो घेऊन देतलो म्हणता. चूक माजी, तेणां कित्याक खर्च करूचो?"
म्हणजे याने खरं सांगितलंच नव्हतं. अमोलकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नको म्हणून.
काकांना आत बसवलं. एमसीबी, वायर, गोणी, सगळं सांगितलं. अमोल मध्येच उठून बाहेर गेला.
काका ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "पण समई पेटतीच होती गो."
"ती पेटलेली असली तरी आग तिने लागली नाही, काका."
पुन्हा तेच. "पेटतीच होती."
खालून शुभांगी हाका मारत होती. काका उठले नाहीत. शेवटी ती वर आली, तिलाही सगळं सांगितलं. ती खाली जाऊन सामानाच्या टेम्पोवाल्याशी बोलली.
टेम्पो रिकामा गेला. उद्याचं माहीत नाही. अमोल अजून आलेला नाही.