सवलतीच्या दरात आई

प्रिय ठकू,

गेल्या तिन्ही फोनवर तू एकच प्रश्न विचारलास आणि तिन्ही वेळा मी 'आवाज तुटतोय गं' म्हणून फोन ठेवला. आवाज काही तुटत नव्हता. इथलं नेटवर्क उत्तम आहे. खोलीभाड्यात तेवढी एकच चांगली गोष्ट मिळते. पण तुला उत्तर द्यायला तोंड उघडेना, म्हणून लिहायला बसले. लगेच शेवटचं पान उलटू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे. आधी इथली खबरबात वाच.

खोली एवढीशी आहे की पलंग, टेबल आणि मी यांच्यातल्या दोघांनाच एका वेळी ऐसपैस राहता येतं. स्वयंपाकघर दोन मुलींबरोबर सामाईक. एक इमारतींचे नकाशे काढायला शिकते, दुसरी माशांचे आजार. दोघी याच देशातल्या, तुझ्याहून लहान. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मला काकू म्हणा. त्या बिचाऱ्यांना ते माझं नाव वाटलं. आता फ्रिजमधल्या माझ्या कप्प्यावर 'काकू' अशी चिठ्ठी आहे, आणि विजेच्या बिलाच्या वाटणीत मी 'मिस काकू' आहे. बाबांना हे सांगू नकोस, उगाच गैरसमज व्हायचा.

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते आणि आमचा हीटर तिच्या हातात आहे. गारठ्याची तक्रार केली की ती शांतपणे विचारते, "अंगात स्वेटर किती आहेत?" दोन म्हटलं की म्हणते, "मग अजून जागा आहे." मी जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक ओव्हरकोट घेतला. त्याची मूळ मालकीण माझ्या दुप्पट असावी. मी तो घालून चालते तेव्हा आधी कोट वळतो आणि मग मी.

भाजी मी संध्याकाळीच घेते. दुकान बंद व्हायच्या आधी तिथली बाई उरलेल्या मालावर अर्ध्या किमतीची पिवळी लेबलं चिकटवते. तिथे माझा एक प्रतिस्पर्धी होता, टोपीवाले आजोबा. मी हात लांबवेपर्यंत त्यांची पिशवी भरलेली असायची. शेवटी मीच जाऊन म्हटलं, पाव तुमचे, भाज्या माझ्या. त्यांनी टोपी काढून मान्य केलं. पण त्या आठवड्यात नेमके मशरूमच उरत होते. चौथ्या दिवशी नकाशेवाली म्हणाली, "काकू, आज पुन्हा मशरूम असतील तर मी उपाशी झोपते." मासेवालीने मात्र ताट पुढे केलं. ती पोरगी कुठेही नांदेल.

बसमध्ये तर अब्रूच गेली असती. तिकीट तपासनिसाने माझा विद्यार्थी पास उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "बाई, मुलीचा पास वापरू नये." मी म्हटलं, "मुलगी नोकरी करते, विद्यार्थी मी आहे." तो फोटो बघे, मला बघे. मी दप्तर उघडून वही, पेन, चष्मा आणि अभ्यासाचं जाडजूड पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. त्याने पुस्तक चाळलं, पास परत दिला आणि म्हणाला, "माझी आई मोबाइल चालवायलासुद्धा शिकत नाही." मग सबंध बस माझ्याकडे बघून हसली. मीही हसले, पण मनातून जरा ताठ बसले.

शनिवार-रविवार कॉलेजच्या भोजनगृहात भांडी विसळते. घरी पंचवीस वर्षं हेच केलं, कुणी दमडी दिली नाही. इथे तासावर पैसे आहेत आणि मुकादम वर 'थँक्यू' म्हणतो. तुझ्या बाबांना परत आल्यावर दर कळवीन.

वर्गातलं मात्र सोपं नाही. नर्स म्हणून वॉर्डात इतकी वर्षं काढली, म्हाताऱ्या माणसाच्या नुसत्या कण्हण्यावरून त्याला काय होतंय ते मला कळतं. इथे ते आलेख काढून सिद्ध करावं लागतं. तरी मला आवडतं गं. तुझ्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडताना बँकेत माझा हात अडला होता, तेव्हा तूच म्हणालीस, "आई, लग्नाला अजून मुलगाच नाही, तुझ्या कॉलेजला मात्र तारीख आहे." मग सहा महिन्यांत तुला मुलगाही मिळाला आणि लग्नाला तारीखही. मुलगा चांगला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तारखेबद्दल आहे.

'लग्नाला कधी पोहोचतेस?' असं विचारत होतीस ना, ऐक आता. मी संख्याशास्त्रात नापास झाले. दहावीच्या सहामाहीला तुला गणितात छत्तीस पडले, तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. मला एकतीस आहेत, तेव्हा तू तीन दिवस अबोला धरायला हरकत नाही. फेरपरीक्षा नेमकी तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी आहे. ती चुकली तर सगळं वर्ष पुन्हा, आणि तेवढी फी आपल्याकडे नाही. लग्न पंधरा दिवस पुढे नेता येईल का? हॉलवाल्याशी मी बोलते. नाहीच जमलं तर परीक्षा सोडून येईन, आणि तुझ्यावर राग धरणार नाही. पण न विचारता सोडवेना. आणखी एक. आत्याने तुझ्या सासूबाईंना सांगितलंय म्हणे, की मी उपचारांसाठी बाहेर गेले आहे. या वयात शिकतेय म्हणायची तिला लाज वाटते. तारीख बदलायला जाशील तेव्हा तू सरळ खरं सांग: आई शिकायला गेली आहे, एका विषयात नापास झाली आहे आणि पुन्हा बसणार आहे. त्या मोकळेपणाने हसल्या तर डोळे झाकून त्या घरात जा. नाही हसल्या, तर आपण दोघी पुन्हा बोलू.

तुझीच,
पुन्हा बसणारी आई

ता. क. बाबांना आकडा सांगू नकोस. 'थोडक्यात हुकलं' एवढंच म्हण.