प्रेसच्या चौथ्या पायाविषयी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार, दोन्ही हात जोडून (म्हणजे हातातला पाना खाली ठेवून). भाऊजींचा गुडघा जिना चढताना वाजतो की उतरताना? मागच्या पत्रात तू नुसतं 'वाजतो' एवढंच लिहिलंस. तेवढ्यावर कोणालाच निदान करता येणार नाही. आणि तुझं कपडे धुण्याचं मशीन कसं आहे? शांत चालतं ना? पूर्वी ते पिळायला लागलं की न्हाणीघरातून निघून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत यायचं आणि तू त्याला मिठी मारून उभी राहायचीस, ते मी विसरलेलो नाही. मी त्याच्या पायांखाली चार रबरी तुकडे बसवल्यापासून वर ठेवलेला पाण्याचा पेलासुद्धा हलत नाही, असं तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेस, हे माझ्या कानावर आलं आहे. सांगत जा. खरं तेच सांगतेस.

आता इकडची हकिगत. पत्रा दाबणारी आमची मोठी प्रेस, जिच्याशी माझा एकोणीस वर्षांचा संसार आहे (हिच्याशी सतराच), ती मालकांनी स्वयंचलित केली. पूर्वी पत्रा आम्ही हाताने सरकवायचो, मिनिटाला बारा ठोके. आता एक लोखंडी हात रबरी वाट्यांनी पत्रा चोखून उचलतो, साच्यावर ठेवतो आणि बाजूला होतो. मिनिटाला तीस ठोके पडतील, असं कागदावर लिहिलं आहे. कागद थरथरत नाही. प्रेस मात्र विसाच्या पुढे गेली की अशी हुडहुडते की वाट्या सुटतात, पत्रा तिरका पडतो आणि विजेच्या पेटीच्या झाकणाऐवजी कोणीतरी बसून चेपलेली टोपी बाहेर येते. येत्या सोमवारी गिऱ्हाईक तीस ठोके बघायला येणार आहे. ते पडले नाहीत, तर मालक प्रेसवर शिकलेला माणूस आणणार आणि मी स्टोअर सांभाळणार. ताई, स्टोअर! नट मोजून द्यायचे आणि सही घ्यायची! मी म्हटलं, आठ दिवस द्या, ज्या कॉलेजात मी गेलो नाही तिथे जे शिकवत नाहीत ते मला येतं.

पहिल्या दिवशी मी चौसष्टच्या चौसष्ट बोल्ट आवळले (बासष्ट आवळलेलेच होते, पण उरलेल्या दोघांना वाईट वाटू नये). दुसऱ्या दिवशी पट्टा बदलला. तिसऱ्या दिवशी लोखंडी हाताला वाळूच्या पिशव्या बांधल्या. एक फुटली आणि फिटरच्या डब्यात गेली. ह्या फिटरला आम्ही 'वकील' म्हणतो, कारण त्याची प्रत्येक गोष्टीला हरकत असते. त्या दिवशी मात्र तो काही बोलला नाही, तोंडात वाळू होती. चौथ्या दिवशी मोजलं, तर प्रेस जागेवरून दीड सूत (जेमतेम अर्धा सेंटिमीटर) सरकलेली. बहुधा मला कंटाळून.

मग मालकांनी इंजिनियर बोलावलीच. आली ती तुझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, खांद्याला पेटी. मी लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून मशीन ऐकत होतो (बेअरिंग बोलतं, ऐकणारा हवा), आता ही हसणार म्हणून तयारीत होतो. तर तिने विचारलं, "काका, काय ऐकू आलं?" एकोणीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मागच्या उजव्या पायात खोकला आहे." तिने चारही पायांना लोहचुंबकाच्या डब्या चिकटवल्या, पडद्यावर रेघा बघितल्या आणि म्हणाली, "बरोबर, तिथेच."

ताई, मी अकरा सेकंद फार सुखात होतो. मग ती टॉर्च घेऊन खाली आडवी झाली. तीन पायांखाली रबर आणि बुचाचे जाड पॅड आहेत, आणि चौथ्याखाली सायकलच्या ट्यूबा आणि प्लायवूड, असं तिने सगळ्यांदेखत जाहीर केलं. बारा ठोक्यांना तो पाय कसाबसा सोसायचा. तिसाला दबतो, उसळतो आणि सगळी प्रेस डोलते. "पण केलंय सुरेख," ती म्हणाली, "जाडीत केसाचा फरक नाही. रंगसुद्धा जुळवलाय." मी मोठ्याने म्हटलं, "कोणा अडाण्याचं काम हे!" सगळ्यांनी माना हलवल्या. वकिलाने जास्त वेळ हलवली.

बाकी इथे सगळं ठीक. भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तसाच घट्ट आवळलेला राहू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र घेऊन ही आली आहे. तिच्या हातातली रिकामी पिशवी भाजीची नव्हे. सहा वर्षांपूर्वी प्रेस उचलून दुरुस्ती केली, तेव्हा तुझ्या मशीनसाठी ते रबरी तुकडे मी 'खास बनवून घेतले' असं म्हणालो होतो. खास कापले, हे खरं. चारही तुकडे दे. खाली एक ते चार आकडे कोरले आहेत, त्याच क्रमाने एकमेकांना लावले की पॅड पुन्हा अखंड होतो. नवा यायला दीड महिना लागेल आणि सोमवार त्याआधी आहे. मशीन उचलायला भाऊजींना सांगू नकोस, गुडघा! वकील खाली थांबला आहे.

ता. क. २. इंजिनियरने जाताना अहवाल वाचायला दिला. कारण लिहिलं होतं, 'पॅडची झीज'. पोरीने मला वाचवायचंच ठरवलं असावं. पण ताई, तो पॅड झिजलेला नाही! चुकीच्या कारणाखाली माझ्या प्रेसचा अहवाल जाऊ द्यायचा? मी खोडायला लावून लिहून घेतलं: 'पॅड काढून नेला. नेणारा: प्रेसचालक.' मालकांनी दोनदा वाचलं. मग स्टोअरची किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली. दोन सूत. उरलेलं अंतर सोमवारी ठरेल.

ता. क. ३. सोमवारपर्यंत धुणं साठव. मंगळवारी मी स्वतः येतो आणि मशीन पिळायला लागलं की त्यावर बसतो (वजन ऐंशी किलो, हिच्या मते चौऱ्याऐंशी). तुझ्यासाठी सायकलच्या ट्यूबा आणि प्लायवूडचे नवे तुकडे करायलाही घेतले आहेत. रंग कोणता हवा ते हिच्याजवळ सांग.